अण्णांच्या ओल्या हाताचं बटण

मंडळी, मारुतीच्या देवळासमोर आज चपला ठेवायला जागा उरलेली नाही. महिपतअण्णांच्या भजनाला कधी एवढी माणसं आली असती, तर अण्णांनी हळूच विचारलं असतं, "आज परसादाला शिरा हाय का काय?"

हसा, हसा. रडकं तोंड घेऊन भजनाला यायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. पण मला बोलणं जड जातंय. रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी भलतंच बोलतो. देवळालीत हे कुणाला नवीन नाही. सांभाळून घ्या.

अण्णांनी एकादशीचं भजन उरकलं, पखवाजावर खोळ घातली, झोपले, ते उठलेच नाहीत. पखवाज वाजवणाऱ्याला आणखी काय हवं?

माझा आवाज तुम्हाला ज्या कर्ण्यातून येतोय ना, त्याचं मशीन मी घरी केलेलं आहे. भजनी मंडळातले गाणारे म्हातारे झाले होते, अण्णांचा पखवाज मात्र तरुणच. त्याच्याखाली सगळ्यांचे गळे दबायचे. मी तेव्हा नगरचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो होतो. म्हणालो, "अण्णा, मी ॲम्प्लिफायर करतो."

"कॉलेज सोडलंस ते ह्याच्यासाठी?"

"नाही. भांडण झालं."

"कुणाशी?"

"सगळ्यांशी."

अण्णा म्हणाले, "मग कर!"

जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह काढले, पत्र्याची पेटी ठोकली. राहिलं बटण. ते मला नगरच्या जुन्या बाजारात सापडलं, लष्करी भंगारात. कुठल्याशा जीपचं होतं. चकचकीत पोलादी दांडी. ओढली की टक्क! मला वाटलं, बटण असावं तर असं. शालनला खिडकीत ऐकू जाईल असं.

शालन म्हणजे अण्णांची मुलगी. लपवायचं काय त्यात? अण्णांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "मंडळ हिकडं बसतंय, आन कर्णा माझ्या खिडकीकडं का रं?" मी म्हणालो, "वारा तिकडचा आहे." अण्णा म्हणाले, "वारा शालनला इच्यारून वाहतो व्हय?"

आता पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. अण्णांनी कणीक लावली आणि त्याच हातानं माझं पोलादी बटण ओढलं. आठवतंय? विजेचा झटका बसून अण्णा उडाले, ते बघून टाळवाले उडाले, आणि अण्णा ओरडले, "आरं, हे मशीन हाय का म्हसरू? लाथ मारतंय!"

ते बटण जीपच्या बॅटरीचं. घरच्या दोनशे तीस व्होल्टला ते कसं पुरं पडावं? वर दांडी पोलादाची, वीज थेट हातात. पण मी दांडीची चकाकी बघितली होती, बाकी काही नाही.

समोर बसलेत ते नाना, अण्णांचे धाकटे भाऊ, तेव्हा काय म्हणाले? "कालेज अर्धं, मशीन बी अर्धं. ह्याच्या हाती पोरगी द्यायची?" मी पेटलो. पेटी आपटायला उचलली. अण्णांनी मनगट धरलं. "फोडू नको. पखवाज हाय तवर माझा हात वलाच ऱ्हानार. माझा हात बदलनार न्हाई, तू बटन बदल. वल्या हाताला चालंल असं आन. मग शालनचं बोलू."

मंडळी, मागणी घालायला लोक पाच माणसं घेऊन जातात. मला बटण घेऊन जायचं होतं!

मग मी रेडिओचं आवाजाचं बटण बसवलं, फिरवलं की बंद होणारं. अण्णांना काही झालं नाही. मशीन बंद करून मी आत हात घातला आणि भिंतीवर जाऊन आदळलो. ते बटण एकच तार तोडत होतं. दोन पिनांचा प्लग उलटा खोचला गेला की तुटायची परतीची तार. गाणं बंद, वीज आत हजर. अण्णा खोकेपर्यंत हसले. "लेका, झोपलेलं म्हसरू बी म्हसरूच!"

तिसरं बटण दिसायला कुरूप. दांडी काळ्या बॅकेलाईटची, जाडजूड. आवाज टक्क नाही, धप्प. पण घरच्या विजेसाठीच केलेलं, आणि दोन्ही तारा एकदम तोडणारं. आत फ्यूज घातला. पेटीला अर्थिंगची तार जोडली, ती अण्णांच्या अंगणात खड्डा करून कोळसा-मिठात पुरली. तो खड्डा ओला ठेवावा लागतो. शालन तुळशीला पाणी घालायची, मग एक तांब्या त्या खड्ड्याला. मी त्या तांब्यावर जगत होतो, मंडळी.

परीक्षेच्या दिवशी अण्णा म्हणाले, "आदी तुझा हात भिजीव." भिजवला. चालू केलं, बंद केलं. मग अण्णांनी कणकीचा अंगठा दांडीवर ठेवला. टाळवाले मागं सरकले. धप्प! काही नाही. अण्णांनी दोन्ही ओले तळवे पेटीवर ठेवले आणि पेटीवरच ठेका धरला. म्हणाले, "आता हे मशीन माझ्या घरातलं." मग माझ्याकडं बोट केलं. "आन हे बी."

नाना मात्र लांबच उभे होते. आजही ते त्या मशीनजवळून जाताना हात उपरण्यात गुंडाळतात.

आता घरात मोठे नानाच. अण्णांनी शालनबद्दल दिलेला शब्द पाळायचा की नाही, ते त्यांच्याच हातात. मी आज विचारणार नाही. कुठं काय विचारू नये, एवढं अण्णांनी मला शिकवलंय.

फक्त एक आहे. भजन संपलं की मशीन अण्णाच बंद करायचे. दांडीवर त्यांची वाळलेली कणीक अजून आहे, मी पुसलेली नाही. आज ते कुणी बंद करायचं?

नाना, तुम्ही या. उपरणं राहू द्या तिथंच. डोळे पुसून हात ओला झालाय? असू द्या, तसाच या. तसल्याच हातासाठी बसवलंय ते. तुम्ही बटण बंद केलंत की माझा आवाज जाईल, आणि मग आपण सगळे अण्णांसाठी थोडा वेळ गप्प उभे राहू.

या, नाना.