सुखदेवबाबाची तीन पेरं

नेट फास्ट करून देणं पुण्याचं काम आहे, असं मले बी वाटे, गेल्या महिन्यापर्यंत.

धामणगाव बढ्याच्या पुढं डोंगरात एक गाव आहे, टॉवर नसलेलं. तिथं पंचायतीवर उपग्रहाची छत्री मीच बसवली होती. उपग्रह लय दूर, आवाज उशिरा पोचे. सुखदेवबाबा दर रविवारी तिथून कॅनडातल्या पोराशी बोले. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळे, म्हणून मी शिकवलं, "बाबा, विचारलं का बोटाची तीन पेरं मोजा. मंग उत्तर येते."

गेल्या महिन्यात जवळच्या उपग्रहाची नवी छत्री लावली. बाबानं फोनवर पोराले विचारलं, "जेवला काय?"

"हाव." लगेच.

"थंडी आहे काय?"

"लय." पेर मोजाले वेळच नाही.

"गावाले कवा येशीन?"

बाबा मोजत राह्यला. एका हाताची पेरं सरली, दुसऱ्याची सुरू झाली. मंग पोरगा म्हणे, "पाहू, बाबा."

फोन ठेवून बाबा मले म्हणे, "जुनी छत्री आहे काय अजून?"

"आहे. काऊन?"

"तीच बसव बापू. तवा वाटे, पोरगा लगेच बोलते, रस्ताच लांब आहे."