पिवळी जीप

आमच्या मंदारचा प्रताप ऐका. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी आम्ही रूममेट होतो, हा मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी करायचा. शेजारच्या हॅरल्ड आजोबांनी महायुद्धातली ऑस्ट्रेलियन आर्मीची जीप रिस्टोअर करायला घेतली होती. कॅमोफ्लाजमधला हिरवा त्यांना ठाऊक होता, पण त्याच्या जोडीचा रंग कुठला ते कळेना. म्हणून जीपवरच्या जुन्या रंगाचा एक पोपडा त्यांनी मंदारला दिला. मंदारने तो लॅबमध्ये तपासला आणि सांगून टाकलं, "पिवळा. डाउटच नाही!"

आठवड्याभराने मी हळदीचं नवीन पाकीट फोडलं.

"मंदार, आपण हळद ठेवायचो तो दह्याचा रिकामा डबा कुठंय रे?"

"लॅबमध्ये नेला. पोपडा ठेवायला."

"धुतलास?"

"पुसला ना!"

आम्ही धावत शेजारी गेलो. अर्धी जीप पिवळीधमक झाली होती. मंदारने सगळं कबूल केलं. हॅरल्ड आजोबांनी शांतपणे ब्रश खाली ठेवला.

"तरीच बायको विचारत होती, असली जीप शत्रूपासून लपणार कुठे?"

मंदार पुटपुटला, "आमच्या किचनमध्ये."