सगळे वर आले

(हेमचंद्र कुंडमजवळच्या आपल्या मासळीच्या तळ्यावर; बायको भानू जवळच. मुलगी विनीता जबलपुरात, विजय नगरच्या खोलीवर. सकाळचा फोन.)

हेमचंद्र : …अन् आज तर सगळेच वर आले, विनू! रोहू, कतला, बारके, सगळे. तोंडं उघडून माझ्याकडंच पाहून राहिले. दाणा टाकतो अन् तुले व्हिडिओ पाठवतो.

विनीता : बाबा, रुको! दाणा नका टाकू.

हेमचंद्र : काहून? भुकेले आहेत ना.

विनीता : भूक नाही ती. पाण्यातली हवा संपून राहिली, म्हणून वर तोंड काढलं आहे. तिकडे ढग आहेत का?

हेमचंद्र : मंगळवारपासून ऊनच नाही. पाणी हिरवंगार झालं.

विनीता : वोही तो. ऊन नाही तर शेवाळ हवा बनवत नाही, उलट रात्री तीच हवा खाऊन टाकते. काल कसे फिरत होते? झुंडीत?

हेमचंद्र : कुठली झुंड! एरवी सगळे एका अंगानं वळतात. काल एकेक जण दूर दूर. मी तुझ्या आईले म्हटलंही, यांचं भांडण झालं वाटते.

विनीता : पुढचे हवा घेऊन टाकतात, मागच्यांना उरत नाही. म्हणून झुंड सुटते, बाबा. अच्छा, पंप लावा. पाणी वरून पडू द्या.

हेमचंद्र : लाइट रात्रीच गेली.

विनीता : रामकृष्णकाकांचा डिझेलवाला?

हेमचंद्र : मिस्त्रीकडं खोलून पडला आहे.

विनीता : तो फिर पाण्यात उतरा. बांबूनं पाणी झोडपा. आईला सांगा, बाल्टी भरून उंचावरून ओतत राहायला. मी बस पकडून येते.

हेमचंद्र : तू येशील तवापर्यंत… बरं. भानू, बाल्टी आण वं! फोन स्पीकरवर काठावर ठेवतो, विनू. बोलत राह्य.

विनीता : काही फरक, बाबा? …बाबा?

हेमचंद्र : मोठे कतले आडवे होऊन राहिले. एकाले हातानं सरळ केलं. पुन्हा उलटला.

विनीता : त्याला छोड़ दो. झोडपत राहा. ऊन निघालं?

हेमचंद्र : नाही, माय.

विनीता : तुम्हाला दम लागला आहे. आवाज येतो मला. थोडं बाहेर या ना.

हेमचंद्र : कसा येऊ? इथलंच पाणी हलते, म्हणून उरलेले सगळे माझ्या पायांपाशी जमले आहेत.