जमिनीवर न ठेवायचं खोकं

सप्टेंबर २००१ संपत आला होता; न्यूयॉर्कचे टॉवर पडून पंधरवडा उलटला होता. कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या पोस्टात माझ्यापुढे एक मराठी नवरा-बायको उभे होते. बायकोनं एक खोकं छातीशी धरलं होतं.

"नीना, ते खाली ठेव. तू असं कवटाळलंयस म्हणून सगळे बघतायत."

"जमिनीवर नाही ठेवायचं, श्रीरंग. कुलवंतकाकांनी हात जोडून सांगितलंय. प्रत्येक अंकावर गुरुबाणी छापलीय."

"अगं, जुनी वर्तमानपत्रं आहेत ती!"

"शिखांच्या अगदी पहिल्या पेपरांपैकी आहेत, लाहोरची. काकांच्या पणजोबांनी छापखान्यात स्वतः खिळे जुळवलेत."

"काका शेजारी असले म्हणून काय झालं? स्वतः यायचं ना पोस्टात."

"पगडी घालून? या रांगेत? परवा त्यांच्या खिडकीतून दगड आला, म्हणून तर मुलीकडे पाठवतायत सगळं."

"आणि काउंटरवर विचारलं, आत काय आहे, तर?"

"जुने पेपर म्हणायचं."

"उघडून बघितलं तर? ती लिपी गुरुमुखी की अरबी, हे यांना काय कळणार? मी व्हिसावर आहे यार, नीना."

"हळू बोल. मराठीत तर बोलूच नकोस."

"तूही तेच बोलतेयस."

"मला भीती वाटली की इंग्लिश सुचत नाही."

"नीना, तो गार्ड इकडेच येतोय."

"येऊ दे. तू त्याच्याकडे बघू नकोस."

"मॅम, पुट द बॉक्स ऑन द फ्लोअर. नाऊ."

"ठेव, नीना. प्लीज ठेव."

"ठेवते. आधी तुझं जॅकेट काढून खाली अंथर. हळूच काढ, श्रीरंग. त्याचा हात कमरेवर गेलाय."