पाणी कोमटच ठेवलं

आमचं सगळं कसब्यातलंच बघा ताई. जन्म इथला, लग्न इथलं, माहेरापासून सासर चार गल्ल्या, रुसून माहेरी निघाले तर राग नीट चढायच्या आत घर यायचं. वडील भांड्यांना कल्हई करायचे, आणि आई घर बघायची आणि मोहल्ल्यात कुणी बाई गेली की मय्यतीला गुसल द्यायला जायची, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला. मी साड्यांना फॉल-पिको करते, पोट त्याच्यावर, आणि हे दुसरं काम आईकडून माझ्याकडे आलं, कुणी विचारलं नाही, मीही नको म्हणलं नाही.

तुमच्यासारख्या साड्या टाकायला येतात त्या विचारतात, जुबेदाबी, किळस नाही का हो येत. काय सांगू तुम्हाला, मेलेल्या माणसाची कसली किळस, ते बिचारं बोलत नाही, मिरवत नाही. मला जिवंतांची येते. थोरल्या जावेची यायची, आणि ती मेली तरी येते, आता बोला.

आईनं शिकवताना दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या. पाणी कोमट ठेवायचं, हाताच्या उलट्या बाजूवर घेऊन बघायचं, कारण जिवंत माणसाला लागतं तसंच मय्यतीला लागतं. आणि दुसरं, चादरीखाली जे दिसेल ते तिथंच ठेवायचं. वाईट दिसलं तर तोंडाला कुलूप. चांगलं दिसलं, चेहऱ्यावर नूर दिसला, तेज हो, तर ते बाहेर येऊन सांगायचं, घरच्यांना आधार होतो. आणि धुणारीचा शब्द लोक मानतात, जवळून बघितलेलं तिनंच असतं ना.

तर ही जाऊ, शमीमभाभी. मुलगा खराडीला कंपनीत लागला, मोठा फ्लॅट घेतला, भाभी राणीसारखी तिकडे गेली. आमची सासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली, आणि आमचा जिना म्हणजे नुसती शिडी, डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं. भाभी म्हणली, अम्मा माझ्याकडे राहतील, तिकडे लिफ्ट आहे. आम्हाला वाटलं, बरं झालं. मी दोन बस बदलून भेटायला जायचे तर दारातच, अम्मा आत्ताच झोपल्यात. परत गेले तरी अम्मा झोपल्यात. सासूला खराडीला झोपायलाच नेली होती जशी काही. कधी आत सोडलंच तर भाभी उशाशी उभी, आणि अम्मा माझ्याकडे बघून हसायच्या, म्हणायच्या, मोठी सगळं बघते.

अम्मा गेल्या तेव्हा गुसल मीच दिला. पाठ धुवायला कुशीवर वळवलं, आणि काय दिसलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, अजूनही नाही, नियम म्हणजे नियम. एवढंच सांगते, महिनोन्‌महिने कुणी कूस बदलून दिली नाही की माणसाच्या पाठीचं काय होतं ते कुठल्याही नर्सला विचारा.

बाहेर आले तर भाभी सगळ्यात मोठ्यानं रडत होती, दोघींनी धरलेली. बायकांनी विचारलं, अम्मा कशा दिसत होत्या. शांत, म्हणलं, ते खोटं नव्हतं. भाभीचं रडणं मध्येच थांबलं, माझ्याकडे बघितलं तिनं, आणि परत सुरू झाली. मी बघितलंय हे तिला कळलं, आणि मी बोलणार नाही हेही कळलं. त्या दिवशी जी किळस आली ना, ताटात पाल पडल्यासारखी, तेव्हापासून तिच्या घरचं पाणी मी प्यायले नाही.

आणि मग बाई झाली नमाजी. मक्केला जाऊन उमरा करून आली, घरोघरी खजूर वाटले, बायकांना जमवून सांगायला लागली की जन्नत आईच्या पायाखाली असते. तुमच्यात म्हणतात ना, वरून कीर्तन आतून तमाशा. ते खजूर मी शेजारच्या बकरीला घातले. बकरीनं आवडीनं खाल्ले, तिला काय माहीत.

गेल्या रमजानात भाभी मेली. जुम्म्याचा दिवस, रोजा धरलेला, दुपारनंतरच्या नमाजात डोकं टेकवलं ते उचललंच नाही. आमच्यात अशा मौतीसाठी लोक जन्मभर दुवा मागतात. माझी आई, जिनं अर्ध्या कसब्याच्या बायका शेवटच्या न्हाऊ घातल्या, ती दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून तळमळत गेली, आणि हिला ही मौत. रहमत, वरच्याची दया हो, काय माझ्या बापाची नाही, मान्य आहे, ज्याची आहे त्यानं कुणालाही द्यावी. पण द्यायच्या आधी पत्ता जरा नीट बघावा की नाही?

तिच्या सुनेचा फोन आला, चाची, मम्मींनी सांगून ठेवलं होतं, गुसल फक्त तुम्हीच द्यायचा. बघा म्हणजे. हयातभर माझ्या तोंडाचं कुलूप वापरलं, आता मेल्यावर परत तेच. मालक म्हणले, नसेल जमत तर बिबवेवाडीच्या त्या बाईला बोलावू. मी म्हणलं, नाही, मीच जाते. खरं सांगू का, मला बघायचं होतं. काळा पडलेला चेहरा बघायचा होता, पाप्याचा पडतो म्हणतात तसा. कुणाला सांगितलं नसतं हो, पण मला तरी कळलं असतं की वर कुणीतरी अम्मांची पाठ बघितली.

मशिदीमागच्या खोलीत आणली होती तिला. पाण्यात हात घातला तर चटका बसला. क्षणभर वाटलं, असू दे तसंच. मग सुनेला म्हणलं, गार ओत जरा, आणि परत हातावर घेऊन बघितलं. चादर घातली, तोंडावरची ओढणी काढली.

होता नूर. कशाला खोटं बोलू. सुरकुत्या गेलेल्या, ओठ जरासे हसरे, दमून झोपलेल्या पोरीसारखी. मला किळस आली, एवढ्या वर्षांत मय्यतीसमोर पहिल्यांदाच. नाकातोंडावर पदर बांधला, सुनेला वाटलं वास येतोय, वास कसला, कापराचाच होता. हात मात्र आपलं काम करत होते, आधी उजवी बाजू, मग डावी, सगळं हळू. अलगद कूस वळवली. पाठ स्वच्छ होती. हे सांगायला हरकत नाही, चांगलं आहे.

बाहेर बायका वाट बघत होत्या. विचारलंच, जुबेदाबी, नूर होता ना? आता बघा, धुणारी गप्प राहिली की बायका काय समजायचं ते समजतात. नुसतं गप्प बसायचं होतं. अम्मांसाठी बसलेच होते की इतकी वर्षं. सून माझ्याकडे बघत होती, तिच्या ओढणीला अजून पाणी ठिबकत होतं.

होता, म्हणलं.

का म्हणलं ते विचारू नका, होता म्हणून म्हणलं. आता सगळा मोहल्ला तिचं नाव घेतो, काय मौत मिळाली, काय नशीब, आणि मी मशीन चालवत ऐकते. किळस गेली नाही. रोज अम्मांसाठी दुवा मागते, शेवटी भाभीचं नाव घ्यायला पाहिजे, तर जीभ उचलत नाही, मग म्हणते, आणि ती दुसरी, तुला माहीत आहे कोण. त्याला कळतं. दोघी आता एकाच ठिकाणी असतील, अम्मा तिथंही म्हणत असतील, मोठी सगळं बघते. बघू दे, तिथं तरी बघू दे.

माझा चेहरा कसा निघेल कोण जाणे, एवढी किळस पोटात घेऊन काही खास निघायचा नाही. धुणारीनं गप्प बसावं आणि पाणी तेवढं कोमट ठेवावं, बस्स. अल्ला तुमचं भलं करो, ताई. साडी सोमवारी न्या.