संघमित्राची वही

वहीतला प्रत्येक ‘र’ सारख्याच जागी, सारखाच वळला होता. तिसरीतल्या मुलीचं इतकं नेमकं अक्षर आपल्या नंबरची वाट पाहत बसलेल्या निताने कधी पाहिलं नव्हतं. वाशिमच्या दवाखान्यात तिच्या शेजारी बसलेल्या जानरावांच्या मांडीवर ती वही उघडी होती. पलीकडे त्यांची सून मंजुषा आणि नात संघमित्रा.

“हे पाह्य अक्षर! अन् शाळेतली बाई म्हनते, पोरीले लिहिता येत नाही!”

“मामाजी, हळू बोला.”

“काहून हळू? केनवडहून इथवर आलो कायले? चांगल्या पोरीले तू येडी ठरवून राह्यली.”

“येडी कोन म्हनते? अक्षरं तिच्या ध्यानात राहत नाहीत, एवढंच.”

“मंग ह्या वहीत काय भुतानं लिहिलं? संघमित्रा, घे पेन. लिही तुयं नाव. दाखव तुया मायले!”

“आबा, माझं नाव आई लिहिते.”

“काय म्हनते हे?”

“खरं म्हनते.”

“अन् बाकीची वही?”

“तेही मीच लिहितो, मामाजी. दोन वर्सं झाले. तुमी गावभर दाखवत फिरता, मंग मले सांगायची हिंमत होत नव्हती.”

“संघमित्रा, आत या!” दारातून हाक आली.

मंजुषाने सासऱ्यांपुढे हात केला. “द्या ती वही इकडं. आज डॉक्टरले सांगूनच टाकतो, हे अक्षर माझं हाय.”