चॅम्पियनचा नाश्ता

—कसा जगला म्हणजे? उपाशी जगला. लिही तेच. एवढा मोठा प्रश्न आणि एवढंसं उत्तर, पण खरं आहे ते. चौदाशे शर्यती जिंकला, तीन वेळा राज्यातला पहिल्या नंबरचा जॉकी झाला, एकदा पंतप्रधानांनी हात मिळवला — आणि हात मिळवताना मर्व्ह हॅलिगन काय विचार करत होता, माहितीये? पंतप्रधानांच्या दुसऱ्या हातातल्या सँडविचमध्ये हॅम आहे की मटण, हा! स्वतः सांगितलं मला त्याने, गाडीत, घरी येताना. फोटोत बघ, सगळ्यांना वाटतं देशभक्तीने डोळे भरून आलेत. — त्या खुर्चीवर नको गं, तिचा पाय डुगडुगतो, पलीकडे बस. घाई नाही. चॅम्पियन बारापर्यंत यायचा नाही, क्लबात गेलाय, हिरवळीवर गोळे घरंगळवायला. एके काळी पाचशे किलोचं जनावर मांड्यांत धरणारा माणूस, आता दीड किलोचा गोळा टाकतो आणि घरी येऊन कंबर धरून बसतो.

तर तुमच्या संग्रहालयाला काय काय हवंय? चाबूक ने, टोप्या ने, ते खोगीर ने — ते खोगीर आहे, हो, मलाही पहिल्यांदा चपलेचा तळच वाटला होता. आणि कप सगळे ने. थांब, त्या मोठ्यातले कपड्यांचे चिमटे काढते. आणि त्या चांदीच्यात माझी बटणं आहेत. बघू नकोस अशी, चांदी आहे म्हणून काय झालं, बटणं कुठेतरी ठेवायचीच ना? चाळीस वर्षं धूळ मी पुसलीय, मर्व्हने नव्हे. फक्त तो वजनकाटा मिळणार नाही. नाही म्हणजे नाही. न्हाणीघरात आहे, तिथेच राहील. — असू दे तुमच्या साहेबांनी चिठ्ठीत पहिल्या नंबरला लिहिलेला, त्यांना सांग, डॉट हॅलिगन नाही म्हणाली. ‘चॅम्पियनला दगा देणारा काटा’, काचेच्या पेटीत, खाली दिवा लावून — आणि शाळेची पोरं येऊन त्याला वाकुल्या दाखवणार! बिघडलेला काटा कसला दाखवायचा लोकांना? दुसरं काहीही माग.

मी पावाच्या भट्टीवाल्याची मुलगी, बरं का. बापाचं दुकान हमरस्त्यावर होतं, अजून त्या भिंतीवर त्याचं नाव पुसट दिसतं. आमच्याकडे माणसाला काय देतात? खायला देतात. आणि मी लग्न केलं अशा माणसाशी, ज्याने स्वतःच्या लग्नाच्या केकचा तुकडा तोंडात घातला, चावला, डोळे मिटले — आणि रुमालात थुंकला. माझ्या बापाने तीन दिवस खपून केलेला केक! बाप त्यानंतर वर्षभर त्याला ‘तो थुंक्या’ म्हणायचा. मधुचंद्राला समुद्रावर गेलो, तर मी तळलेली मासळी खातेय आणि हा समोर बसून कागदाचा वास घेतोय. कागदाचा! जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळतंय, गुरं सावली सोडत नाहीत, तेव्हा हे महाशय तीन लोकरी स्वेटर चढवून, गाडीच्या काचा बंद करून, आत हीटर लावून बसायचे. शेजारीण नवीन होती, ती धावत आली, म्हणाली, डॉट, तुझा नवरा गाडीत मरतोय. मी म्हटलं, नाही गं, शनिवारसाठी तयार होतोय. आणि लिदीच्या ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत पुरून घ्यायचा ते? ती थाप नव्हे. घोड्याची ताजी लीद आतून गरम असते, घाम चांगला निघतो म्हणे. फक्त डोकं वर, त्यावर हॅट, आणि मी कपाने पाण्याचा एक घोट द्यायचा — एकच. तुमचा चॅम्पियन तो. त्याचा फोटो आहे का तुमच्याकडे? नसेलच.

हसतेस, हस. मीही हसायचे. लोकांना वाटतं जॉकीच्या बायकोला घोड्याची भीती. घोड्याची कशाला, मला काट्याची भीती. सकाळी काट्यावर उभा राहिला की त्या आकड्यावर ठरायचं, आज घरात कोणी बोलायचं की नाही. अर्धा किलो वर असला की मुलींना सुद्धा कळायचं, त्या पाय न वाजवता शाळेत जायच्या. — हो, दोन मुली. थोरलीने हॉटेल काढलं, विचार का काढलं!

पडला किती वेळा? तुमच्या पुस्तकात अकरा लिहिलेत, मी सतरा मोजले. कॉलरबोन दोनदा, बरगड्या कोण मोजतंय. पण ऑगस्टमधलं ते मानेचं — ते वेगळं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, आणखी केसभर सरकलं असतं तर तुम्ही याला आयुष्यभर चमच्याने भरवलं असतं. मला काय वाटलं सांगू? मनात पहिलं आलं की निदान खाईल तरी. असलं मनात येतं बाईच्या. मग शौचालयात जाऊन रडले. आणि नऊ आठवड्यांनी हा पुन्हा घोड्यावर, मान अशी, सगळं अंग वळवल्याशिवाय मागे बघता येत नव्हतं — आणि त्याला कपासाठी, देशातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीसाठी, कुठला घोडा मिळाला? रस्टी गेट.

तुझ्या वयाच्यांना काय ठाऊक रस्टी गेट! नोव्हेंबरातला तो मंगळवार, अख्खा देश हातातलं काम टाकून रेडिओला चिकटतो, आणि त्या शर्यतीत तो राक्षस. त्या सीझनमध्ये दोन जॉकी पाडले होते त्याने, एकाला पडल्यावर परत फिरून चावला होता. पण पळायचा! जिंकणारच, सगळे म्हणत होते. मर्व्हने तोपर्यंत सगळं जिंकलं होतं, फक्त कप नव्हता. मी हात जोडले, म्हटलं, मर्व्ह, नको म्हण. तो म्हणाला, डॉट, नको कसं म्हणायचं ते मला शिकवलेलं नाही. आणि खरंच होतं ते. जॉकी ‘मला भीती वाटते’ म्हणाला की संपला, उद्यापासून गाढवसुद्धा कोणी देणार नाही त्याला बसायला. ताप आला म्हण, मान दुखते म्हण — सगळ्यांना कळतं खरं काय ते. एकच गोष्ट चालते. वजन. वजन बसलं नाही तर लोक हसतात, दोन दिवस चिडवतात, पुढच्या शनिवारी पुन्हा घोडा देतात. तेवढं एकच दार उघडं असतं त्या धंद्यात.

मग काय, तुला माहितीच आहे. सगळ्या पेपरात आलं. घरच्या काट्याने अठ्ठेचाळीस दाखवलं, त्याला हवं होतं एकोणपन्नास, एक किलो हातात आहे म्हणून साहेबांनी भरपेट नाश्ता केला, आणि रेसकोर्सवरच्या काट्यावर उभा राहिला तर दीड किलो जास्त! अर्धा किलो सोडतात, दीड कोण सोडणार? दोन तास गरम खोलीत बसवला, पाऊण किलो निघालं, पंच नाही म्हणाले, आणि केव्ह लिडल बसला त्याच्या जागी. आणि जिंकला. तीन घोड्यांच्या लांबीने जिंकला, घोडा मेंढरासारखा पळाला, कान सुद्धा हलवले नाहीत मेल्याने. केव्ह लिडल! ज्याला उजवं-डावं कळत नव्हतं! त्याचा पुतळा आहे ना तुमच्या दारात? बघितलाय. नाक चुकलंय. आणि माझ्या नवऱ्याला शेहेचाळीस वर्षं क्लबात अंडी खाताना बघितलं की कोणीतरी म्हणतंच, मर्व्ह, मोजून खा. आणि तो हसतो. दर वेळी. आणि त्या बिचाऱ्या काट्याला शिव्या, ज्याने काही केलंच नव्हतं—

नाही. काही नाही. जुना काटा, बिघडला होता.

— असं बघू नकोस माझ्याकडे. अगं, काट्याखाली एक छोटं चाक असतं, आकडा शून्यावर आणायला. फिरतं ते. पुसताना फिरतं. — बरं, पुसताना नाही. ते रेकॉर्डिंगचं यंत्र बंद कर आधी. लाल दिवा गेला का? गेला. मी फिरवलं. दीड किलोने मागे. नखाने. अजून आठवतं, नखात मळ गेला होता. पहाटे तो घोडे पळवायला गेला होता तेव्हा. मग परत आला, कोट काढला, काट्यावर उभा राहिला. मी दाराशी, तव्यावर लोणी टाकलेलं — मुद्दामच टाकलं होतं, वास यावा म्हणून. आकडा बघितला, अठ्ठेचाळीस. बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, कळलं. मग माझ्याकडे वळला, अख्ख्या अंगाने, मान वळतच नव्हती ना — आणि म्हणाला, डॉट, अंडी आहेत का? मी दोन फोडली. दोन चॉप. लोणी लावलेला पाव, माझ्या बापाचा. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर बसून माणसासारखा जेवला. मग म्हणाला, अजून एक अंडं. मीही समोर बसले, आम्ही बोललो सुद्धा, धुराड्यावर बसणाऱ्या काकाकुव्यांबद्दल. एवढा सुखाचा नाश्ता मी पुन्हा केला नाही. आणि मी त्याचा कप चोरत होते. त्याचा जीव वाचवायला म्हणून चोरला आणि तो मेला घोडा मेंढरासारखा पळाला. सांग आता, हे काचेच्या पेटीत कसं ठेवशील? त्याला कळलं तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला काय सांगू मी?

काय? — कसली फळी? स्टॅन प्रॉक्टरच्या मुलीने दिली, संग्रहालयाला? त्यांच्या खाटिकखान्यातली? आणि तिच्याशी मर्व्हचा काय संबंध? — रोज पहाटे? छे. रोज तो सरळ घरी यायचा. — मांसाच्या काट्यावर वजन करायचा? बावीस वर्षं? घरचा काटा बायकांचा, म्हणाला? मर्व्ह तुला म्हणाला? कधी, गेल्या आठवड्यात?

बरं. आणि स्टॅन दरवाजाच्या फळीवर पेन्सिलने लिहायचा. तारीख आणि वजन. बरं.

त्या मंगळवारचं आहे?

— किती? पुन्हा सांग. साडेएकोणपन्नास. वाचताना चूक नाही झाली? स्टॅनचं अक्षर वाईट होतं. — खाली दोन रेघा मारल्यात. कपाचा दिवस म्हणून. हं.

म्हणजे तो स्टॅनकडून आला, साडेएकोणपन्नास डोक्यात घेऊन. आणि आमच्या काट्यावर उभा राहिला, आणि अठ्ठेचाळीस बघितलं. आणि माझ्याकडे बघितलं. आणि अंडी मागितली. दोन मी दिली. तिसरं — तिसरं तर मी विचारलं पण नव्हतं गं. त्याने मागून घेतलं. भीती वाटत होती त्याला. मर्व्हला. माझ्याएवढीच वाटत होती, आणि शेहेचाळीस वर्षं मी इथे एकटीच...

चहा राहू दे. ऊठ, ती खोकी उचल. उद्या ये हवं तर, आज नको. तुझी गाडी फाटकातून काढ, त्याला जागा लागते वळायला. — नाही, मी बरी आहे. मला त्याच्याशी — नाही, काही नाही बोलायचं मला त्याच्याशी, जेवायला काय करू एवढंच विचारायचंय. आणि त्या फळीखाली काही लिहू नका. काटा बिघडला होता, एवढंच लिहा. आम्ही दोघंही तेच सांगत आलोय. जा आता.